टाकीची राखण

सोमवार, ४ मार्च

पाणी आता तीन दिवसांआड येणार. पाणीखात्याचा माणूस सकाळी सायकलवरून गल्लीत ओरडत गेला आणि त्याच्यामागे गल्लीतल्या सगळ्या बायका ओरडत गेल्या. दादा चहा पिता पिता म्हणाला, "बारक्या, आजपासून घरचं पाणी तुझ्याकडे. नाहीतरी तुला सगळं मोजूनमापून लागतं." वहिनी हसली नाही. मला मात्र बरे वाटले. कारखान्याने कमी केल्यापासून मी दादाच्या दोन्ही कुत्र्यांचे, ढोल्याचे आणि भुरीचे, सगळे करतो, खाणे, आंघोळ, गोचिड्या काढणे. पण ह्या घरात माझ्या एकट्याच्या ताब्यात आजवर काही नव्हते. म्हणून ही वही सुरू केली. शाळा आठवीत सुटली तरी माझे शुद्धलेखन चांगले आहे. 'अंथरूण' दीर्घ आणि 'अंथरुणात' ह्रस्व, हे दादाला अजून माहीत नाही. इथे खरे तेच लिहायचे, असे ठरवले आहे.

व्यवस्था अशी: भाजी-तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला. कपड्यांचे शेवटचे पाणी कुत्र्यांच्या अंथरुणांना. तेच पुढे फरशीला आणि फरशीचे संडासात. मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत बुडवायला खुणांची एक काठी केली. अप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची, खोली अंगणाला लागून आहे, म्हणून त्यांना आधी समजावले. ते म्हणाले, "अरे, तू मागच्या जन्मी उंट होतास काय?"

बुधवार, ६ मार्च

काल संध्याकाळी काठी जिथवर भिजली होती त्याच्या चार बोटे खाली आज सकाळी पाणी होते. मधल्या वेळात घरात कोणी पाणी घेतलेले नाही. वहिनीला विचारले. "उडालं असेल, भाऊजी," ती म्हणाली. ती घाईत होती. अप्पांची निळ्या पट्ट्यांची चादर पहाटेच धुऊन दोरीवर घातली होती. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, "तुम्ही साठवलेल्या पाण्यातच धुतली हो. ढोल्या आत शिरला आणि अप्पांच्या अंथरुणात मुतला."

हे दादाने ऐकले. त्याने ढोल्याला पट्ट्याला धरून उचलले आणि भिंतीवर आपटले. एकदा नाही, तो ओरडायचा थांबेपर्यंत. वहिनी मध्ये पडली, "नका मारू, त्याची काही चूक नाही हो!" तिलाही एक बसली. ओठ फुटला. कुत्र्यासाठी इतके कोणी मार खाते का? पण तिचा जीव आहे त्याच्यावर.

दादा हात धुताना मोठ्याने म्हणाला, "कुत्रं आहे म्हणून एवढ्यावर भागलं. माणसानं केलं असतं तर पथारी उचलून गोडाऊनच्या पत्र्याखाली टाकली असती. घराला मुताचा वास आला की गिऱ्हाईक दारातूनच परत जातं." हे तो कोणाला म्हणाला ते मला कळले नाही. ज्या गोडाऊनला दादा राखणीची कुत्री पुरवतो तिथे पत्र्याची एक रिकामी खोली आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिथे एक पिल्लू बांधले होते. दुपारी गेलो तर ते ताठ झाले होते.

अप्पा भिंतीकडे तोंड करून पडून होते. त्यांनी जेवण घेतले नाही.

शुक्रवार, ८ मार्च

पुन्हा तेवढेच पाणी कमी. मी नीट विचार केला. टाकीला भोक नाही, खाली ओल नाही. म्हणजे चोरी. आणि चोर येतो तेव्हा दोन्ही कुत्री भुंकत नाहीत, म्हणजे तो त्यांच्या ओळखीचा आहे. शेजारचा वेल्डर भिंतीवरून भुरीला हाडे टाकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आज त्याच्या बाजूची भिंतीवरची वीटही ओलसर होती. दादाला सांगितले.

घरात पाण्याची खरी किंमत एकट्या अप्पांना कळली आहे. संध्याकाळनंतर ते पाण्याचा थेंब घेत नाहीत. काल त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आले, तरी मी दिलेला पेला त्यांनी सरकवला. मी जेवताना सगळ्यांसमोर त्यांचे उदाहरण दिले. वहिनी ताट तसेच टाकून उठली.

शनिवार, ९ मार्च

गल्लीच्या नळावर दादाने वेल्डरला धरले.

"माझ्या टाकीत हात घालतोस?"

वेल्डर आधी हसला. "तुझ्या पाण्याला हात लावायला मी काय मेलोय? कुत्री मुततात त्यात तुझी."

दादाने भरलेली लोखंडी बादली फिरवली ती सरळ त्याच्या तोंडावर. तो गुडघ्यांवर आला. दादाने त्याचे केस धरून डोके नळाच्या तोटीवर हाणले. दुसऱ्या वेळी आवाज वेगळा आला, ओला. दोन दात नळाखालच्या खळग्यात पडले आणि पाण्याबरोबर गोल फिरत राहिले. त्याची बायको किंचाळत दादाच्या पाठीवर चढली, "फोडलंस ना तोंड? आता तुझ्या घरचं पाणी तुला गोड लागू दे, मेल्या!" चार माणसांनी ओढले तेव्हा दादा सुटला. वेल्डर रक्त थुंकत म्हणाला, "घरात बघ आधी, रेड्या. पहाटे तुझ्या टाकीचं झाकण वाजतं ते मला रोज ऐकू येतं. घरात बघ."

चोर असेच बोलणार.

ह्या झटापटीत आमच्या भरलेल्या सगळ्या कळश्या लवंडल्या. दादाने घरी येताना माझ्या पाठीवर थाप मारली. "तुझ्यामुळे सापडला." त्याच्या हाताचे रक्त माझ्या सदऱ्याला लागले. डाग गार पाण्यात लवकर जातो, पण मी तो सदरा तसाच ठेवला आहे. का ते माहीत नाही.

मंगळवार, १२ मार्च

पाणी अजून कमी होते आहे. वेल्डर तर तोंडाला टाके घालून पडून आहे. मला सांगायची भीती वाटत होती, पण सांगितले. दादाने कानाखाली अशी दिली की अजून त्या कानात शिट्टी वाजते. "गल्लीत तोंडघशी पाडलंस मला." मग तो टाकीभोवती फिरला आणि म्हणाला, "ठीक. ढोल्याला टाकीवर शिकवतो. जो कोणी हात घालेल त्याचा हात तिथेच राहील."

त्यासाठी बाही हवी. बाही म्हणजे हातात घालायची जाड गादी. चोर झालेला माणूस ती घालतो आणि कुत्रे तिला धरते. जुनी फाटून गेली. नवी मी शिवणार. अप्पा आयुष्यभर गाद्या भरत आले. दाभण कसे धरायचे ते त्यांनीच मला शिकवले आहे.

कापूस कुठून आणायचा, असे म्हणतो तोवर वहिनीने अप्पांच्या खोलीतून एक बोचके ओढत आणले. "हे घ्या. अप्पांची जुनी गादी आहे, आणि ह्या चादरी. सगळंच न्या भाऊजी, घरात नको." निळ्या पट्ट्यांच्या तीन चादरी होत्या, मध्ये विरलेल्या. गादीच्या कापसाचे पिवळे गोळे झाले होते. वास इतका उग्र की नाकाला फडके बांधून बसलो. मेल्या ढोल्याने किती वेळा घाण केली असेल! गादीखाली मेणकापडही निघाले. वहिनी म्हणाली, ते धुळीसाठी.

अप्पा खाटेवरून बघत होते. "ती गादी मी तुझ्या आईसाठी भरली होती," ते म्हणाले. मग म्हणाले, "टाके जवळ घाल. कापूस सरकतो."

वरून चादरीचे कापड दुहेरी लावले. बाही चांगली झाली आहे, खांद्यापर्यंत येते.

गुरुवार, १४ मार्च

पहाटे शिकवणी, कारण चोर पहाटे येतो. मी बाही घालून, डबा घेऊन टाकीचे झाकण उचलायचे. दादा म्हणतो, "धर!" आणि ढोल्या येतो.

आधी ढोल्या येईना. मीच त्याला खायला घालतो, तो शेपटी हलवत आला आणि बाही हुंगून बसला. दादाने त्याला ओल्या दोराने झोडले. मग बाही त्याच्या तोंडावर मारत राहिला, डोळ्यांवर, नाकावर, रक्त येईपर्यंत. "ह्या वासाचा राग आला पाहिजे त्याला." पाचव्या-सहाव्या खेपेला ढोल्या आला तो सरळ उडी मारून. मी खाली पडलो. त्याने बाही धरून मला टाकीपासून भिंतीपर्यंत फरफटत नेले. एक दात कापसातून आत गेला आणि दंडात बसला. मी ओरडलो, "सोड! सोड!" त्याने आणखी दाबले.

दादा हसून हसून वाकला. "अरे, चोरानं सोड म्हटलं तर कुत्रं सोडेल काय? जो मागे उभा आहे त्याचं ऐकायचं." मग तो शांतपणे म्हणाला, "सोड," आणि ढोल्याने सोडले. त्याला पावाचा तुकडा मिळाला.

वहिनीने दंडाला हळद लावली. तिचे हात कोपरापर्यंत फुटले आहेत, सोड्याचे पाणी लागून फुटतात तसे. मी म्हटले, "एवढे कशाला धुतेस? पाणी नाही तर कमी धुवावे." तिने हळदीची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "भाऊजी, ढोल्या मला नाही ना काही करणार?"

"तुला? तू त्याची आई आहेस," मी म्हटले.

रविवार, १७ मार्च

ढोल्या तयार झाला. आता 'धर' म्हणावेही लागत नाही. निळ्या पट्ट्यांचा हात टाकीकडे गेला की तो आलाच. दादा म्हणतो, मालक झोपलेला असताना धर कोण म्हणणार, त्याने आपण होऊन धरायला हवे. माझ्या खांद्यापासून खाली सगळे काळेनिळे आहे. झोपताना कुशीवर वळता येत नाही. पण मी तक्रार केली नाही आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "बारक्या दिसतो तसा नाही."

न्हाणीघरातल्या पिंपातलेही पाणी जाते, असा मला संशय आहे. म्हणून पिंपावर झाकण घालून वर दोन विटा ठेवल्या आणि त्यांच्या कडेने पिठाची रेघ मारली. विटा हलल्या तर मला लगेच कळेल. म्हणजे आता घरात पाणी घ्यायची एकच जागा राहिली, टाकी. आणि टाकीवर ढोल्या आहे.

हे वहिनीला दाखवले. ती म्हणाली, "भाऊजी, पिंप तरी उघडं ठेवा." मी नियम समजावून सांगितला.

मंगळवार, १९ मार्च

पहाटे ढोल्याचे गुरगुरणे ऐकू आले आणि मग ते बंद झाले. म्हणजे तोंड भरले. मला आनंद झाला. खरे लिहायचे ठरवले आहे म्हणून लिहितो, मला खूप आनंद झाला. मी लगेच उठलो नाही. चोराला जरा कळू दे, असे वाटले. आतून दादा ओरडला, "धरून ठेव, ढोल्या! शाब्बास!" त्याची बायको शेजारी नाही हे त्याच्याही लक्षात आले नव्हते.

मग अप्पा ओरडले. अप्पांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

वहिनी टाकीच्या कडेला पडली होती. ढोल्याने उजवा हात कोपराखाली धरला होता आणि तो मान झटकत होता. प्रत्येक झटक्याबरोबर तिचे डोके सिमेंटवर आपटत होते. ती ओरडत नव्हती. हळू आवाजात म्हणत होती, "अरे, मी आहे. ढोल्या, मी आहे रे." दादा म्हणाला, "सोड." ढोल्याने तत्काळ सोडले आणि तो शेपटी हलवत दादासमोर येऊन बसला. पावाच्या तुकड्यासाठी.

दादाने टाकीच्या झाकणाची सळई घेतली. ढोल्या पहिल्या फटक्याला पळाला नाही, त्याला वाटले असेल शिकवणीच आहे. नंतर त्याला पळता आले नाही. दादा थांबला तेव्हा तिथे ढोल्याचे डोके म्हणावे असे काही राहिले नव्हते.

तिच्या हाताचे आतले पांढरे दिसत होते. जवळच अप्पांची चादर पडली होती, ती मी तिच्या हाताला गुंडाळली. चादर आधीच ओली होती. टाकीत पडली असेल.

बुधवार, २० मार्च

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण दोन बोटे हलणार नाहीत. ती पहाटे टाकीवर का गेली, हे दादाने तिला तीनदा विचारले. "तहान लागली," ती म्हणाली. तिसऱ्या वेळी दादाने खाटेची कड अशी धरली की परिचारिकेने त्याला बाहेर काढले.

ढोल्या पिसाळला होता असे सगळे म्हणतात. दादा तसे मानत नाही, मी मानतो. दुसरे कारण काय असणार?

शुक्रवार, २२ मार्च

वहिनी नाही म्हणून अप्पांचे मी करतो. काल त्यांचे अंथरूण ओले होते. वाटले, दुःखाने झाले असेल. आजही ओले. ढोल्या तर मेला आणि भुरी रात्रभर साखळीला होती.

मी चादर हातात घेऊन उभा राहिलो. अप्पा छताकडे बघत म्हणाले, "पोरीनं तुला सांगितलं नाही ना?"

"काय?"

"मग नको विचारू."

मी म्हटले, "अप्पा, केव्हापासून?"

"थंडीपासून. पहाटे उठून धुवायची बिचारी. म्हणायची, अप्पा, ह्यांना कळलं तर तुम्हाला पत्र्याखाली नेतील." मग ते रडले. रडताना त्यांचे तोंड लहान मुलासारखे वाकडे होते. "मी पाणी सोडून पाहिलं रे. तरी होतं."

मी बाहेर येऊन टाकीजवळ बसलो. काठी, विटा, पिठाची रेघ, सगळे आपापल्या जागी होते.

शनिवार, २३ मार्च

आज चादर मी धुतली, टाकीच्या चांगल्या पाण्यात, दोनदा. संध्याकाळी दादाने विचारले, "पाणी?" मी म्हटले, "होतं तेवढंच आहे." खोटे बोलताना माझा आवाज बदलतो, पण त्याचे लक्ष नव्हते. तो म्हणाला, चोर घरातला नव्हता, म्हणजे अजून बाहेरच आहे. बायको तहान लागली म्हणून टाकीवर गेली आणि फुकट फाडली गेली. उद्यापासून भुरी टाकीवर.

मी म्हटले, "दादा, पुरे ना आता."

त्याने मला भिंतीशी नेऊन गळा धरला. बराच वेळ. डोळ्यांसमोर पिवळे आले. मग सोडून म्हणाला, "बाही काढून ठेव."

मंगळवार, २६ मार्च

तीन पहाटे भुरीने मला फाडले. ती ढोल्यापेक्षा हलकी आहे, पण धरायची जागा बदलत राहते. आज शिकवणी संपल्यावर बाही खुंटीला टांगली आणि भुरीची साखळी धरून तिला तिच्या जागेकडे नेत होतो. दादा बाहीला टाका घालायला दाभण हवे म्हणून अप्पांच्या खोलीत शिरला. आज मला उठल्याबरोबर टाकीवर जावे लागले होते. अप्पांचे अंथरूण बदलायचे राहिले होते.

"हे काय?"

मी दारातून म्हटले, "माझ्याकडून पाणी सांडलं."

"पाण्याला असला वास?" त्याने चादर ओढली. अप्पा तिच्याबरोबर खाली आले, कमरेवर. हाड वाजले. दादा एकदा चादरीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला. त्याला हळूहळू कळत होते. "तहान लागली होती काय तिला? ह्याच्यासाठी गेली होती? ह्या म्हाताऱ्याच्या मुतासाठी माझ्या बायकोचा हात गेला?"

मी म्हटले, "दादा, मी केलंय ते. मी झोपलो होतो तिथे. मला होतं तसं."

"एवढा घोडा झालास आणि?" तो हसला आणि त्याने माझ्या तोंडात मारली. मी साखळी सोडली नाही. मग त्याने चादर मुठीभोवती गुंडाळली, कोपरापर्यंत, आणि पिल्लांचे तोंड त्यांच्या घाणीत घासतात तसे अप्पांचे तोंड त्या ओल्या चादरीत घासायला लागला. "शीक! शीक! ह्या वयात शीक!" अप्पांच्या नाकातून रक्त आले. "उचल रे ह्याचं बोचकं. आत्ताच्या आत्ता गोडाऊन."

अप्पा म्हणाले, "नेऊ नको रे. मी पाणी पिणार नाही. दिवसाही नाही पिणार."

तेव्हा साखळी ताठ झाली. मी खाली पाहिले. भुरीचे कान मागे गेले होते आणि ती दादाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती. निळे पट्टे, कोपरापर्यंत पोचलेले, ओले, आणि तो वास. ढोल्याने काय पाहिले होते, ते मला तेव्हा कळले. वहिनी चादर हातावर टाकून टाकीवर वाकली होती. ती त्याला वहिनी दिसलीच नव्हती. मी शिवलेली बाही दिसली होती.

साखळी निसटली, असे मी डॉक्टरांना सांगितले. इथे खोटे लिहायचे नाही. मी मूठ उघडली.

भुरीने आधी हात धरला. चादर आतून कापसाची नव्हती, त्यामुळे दात लगेच हाडापर्यंत गेले. दादा मागच्या मागे पडला, तेव्हा तिने हात सोडून मांडी धरली, मग पुन्हा हात. तो लाथा मारत होता, "सोड! भुरी, सोड!" तिने आणखी दाबले. तो चोर होता, चोराचे ऐकायचे नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. "बारक्या, बोल! अरे बोल ना!"

मी मागे उभा होतो. तो शब्द माझ्या तोंडात तयार होता. मांडीचे मांस फाटताना जाड कापड फाडल्यासारखा आवाज येतो. फरशी लाल झाली आणि ते लाल अप्पांच्या बोटांपर्यंत आले, तरी मी उभा होतो. शेवटी अप्पा म्हणाले, "बाळा, तुझा भाऊ आहे तो."

मी म्हटले, "सोड."

तिने सोडले. मी तिला पाव दिला. देऊ नये असे माझ्या डोक्यात आले, पण हात आपोआप गेला.

गुरुवार, २८ मार्च

दादाला खूप टाके पडले. अप्पांच्या कमरेला नुसता मुका मार आहे. आज घरी आणला. पुढच्या खोलीत, खाटेवर. डॉक्टर सोडले तर सगळ्यांना, सगळ्या गल्लीला सांगितले आहे की गोडाऊनजवळ भटक्या कुत्र्यांच्या टोळीने धरले. हे त्यानेच ठरवले. आपल्याच कुत्रीने फाडले असे कळले तर त्याच्याकडून कोण कुत्रे नेणार?

मी त्याला पाणी पाजत होतो तेव्हा त्याने डाव्या हाताने माझे मनगट धरले. "ऐकू येत होतं ना तुला?"

"हो."

"मग?"

मी पेला पुन्हा त्याच्या ओठांना लावला. तो म्हणाला, "हात बरा होऊ दे. आधी तिला मारतो, मग तुला."

मी पेला खाली ठेवला. माझा आवाज सरळ आला, ह्याचे मलाच नवल वाटले. "अप्पा इथेच राहणार. त्यांच्या अंथरुणाला टाकीतलं पाणी लागेल तेवढं लागेल. वहिनीला हात लावायचा नाही. नाहीतर तुला भुरीनंच फाडलं हे मी गोडाऊनच्या मालकांना सांगेन, आणि तिच्या जबड्याचं माप तुझ्या मांडीशी जुळवून दाखवीन. मला मोजूनमापून लागतं, हे तुला माहीत आहे."

त्याने माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघतात तसे पाहिले. मग तोंड फिरवून म्हणाला, "राहू दे म्हाताऱ्याला."

मी जिंकलो, असे मला वाटायला हवे. पण जेवताना सारखी आपली मूठ उघडून बघतो आहे.

रविवार, ३१ मार्च

वहिनी घरी आली. हात गळ्यात अडकवलेला, दोन बोटे पट्टीबाहेर निघालेली, निळसर. ती आधी दादाच्या खोलीत गेली नाही. अप्पांच्या खोलीत गेली, त्यांच्या अंगाखाली हात घालून पाहिला, अंथरूण कोरडे होते. मग बाहेर अंगणात आली. भुरीला मी टाकीपासून लांब, लिंबाच्या झाडाखाली बांधले आहे. वहिनीला पाहून ती आडवी पडून शेपटी आपटायला लागली. वहिनी जवळ गेली नाही, पण परतही फिरली नाही.

अप्पांनी तिला सगळे सांगितले होते, हे तिच्या तोंडावरूनच दिसत होते. मी चादर पिळत होतो. दोन माणसांशिवाय चादर नीट पिळता येत नाही, म्हणून तिने डाव्या हाताने दुसरे टोक धरले.

"भाऊजी," ती म्हणाली, "सोड म्हणायला तुम्ही किती वेळ थांबलात?"

"माहीत नाही, वहिनी. पहिल्यांदाच मोजलं नाही."

आतून दादाने हाक मारली. औषधाची वेळ झाली होती. तिने चादरीचे टोक माझ्या हातात दिले, फुटलेल्या ओठावरच्या व्रणाला जीभ लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी असते तर अजून थांबले असते."

मग ती त्याला औषध द्यायला आत गेली.